x ला मोकळं करण्याची माझी मेथड

१ जुलै १९८७, बुधवार. सकाळी साडेसात.

आजपासून नियमित रोजनिशी. डायरी शेजारच्या विमलाच्या मामाने दिली. तो लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. डायरीच्या प्रत्येक पानावर खाली पिंपाचं चित्र आहे. जानेवारी ते जून कोरी गेलीत, ती आठवून भरून काढणार. रोज सहा पानं लिहिली तर महिन्यात काम फत्ते.

काल रिझल्ट लागला. बी.ए., अर्थशास्त्र, सेकंड क्लास. घरातली पहिली ग्रॅज्युएट. वाडीतलीही पहिलीच. मुंबईला बाबांना तार करणार होते. आई म्हणाली, तार बघून माणूस आधी मटकन बसतो गो, कार्ड टाक. कार्ड टाकलं.

संकल्प: नोकरीच्या मागे लगेच धावायचं नाही, आधी समाजाचं ऋण फेडायचं. पहाटे पाचला उठायचं (उद्यापासून). दुपारी झोपायचं नाही. जोराचा पाऊस असल्यास अपवाद.

२ जुलै, गुरुवार. दुपारी चार.

आत्ताच उठले. पाऊस जोराचा होता.

समाजाचं ऋण फेडायची संधी शेजारच्याच घरात सापडली. महिपतकाकांची विमला दहावीला बाकी सगळ्यात पास, बीजगणितात अकरा. तिला नर्सिंगला जायचंय. जानेवारीच्या बॅचला घेतात, पण दहावी पास पाहिजे. मुलगी हुशार आहे. मागच्या महिन्यात गोदूबाईच्या पायातला काटा तिने असा काढला की गोदूबाईची बडबड मध्ये थांबली नाही.

महिपतकाकांनी एकच चान्स दिलाय. ऑक्टोबरला पास झाली तर नर्सिंग, नाही तर केळशीचं एक स्थळ आलंय. मुलाच्या चुलत्याची लाँच आहे. मुलाचं स्वतःचं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

मी काकांना शब्द दिला. विमला पास होईल, जबाबदारी माझी. काका म्हणाले, तू बी.ए. ना गो? गणिताची कुठे? मी म्हटलं, पदवीधराला विषयाचं बंधन नसतं. शिवाय मला दहावीला बीजगणितात बोर्डाने सात गुण वरून दिले होते. बोर्ड उगाच कुणाला काही देत नाही.

५ जुलै, रविवार.

मेथड ठरली.

शाळेत शिकवतात, की संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की चिन्ह बदलतं. अधिकचं उणे, उणेचं अधिक. का बदलतं? कोणी सांगत नाही. उंबरा ओलांडला की चिन्ह बदललं! ही अंधश्रद्धा आहे. मी ती आज बंद केली.

विमलाने विचारलं, ताई, मग मी करू काय? मी म्हटलं, विचार कर. तिने दिवेलागणीपर्यंत विचार केला. मग तिला तिच्या आईने हाक मारली.

सुरुवात उत्तम.

१२ जुलै, रविवार.

रात्रभर सुचत होतं, सकाळी पक्कं झालं. समीकरण म्हणजे तराजू! दोन्ही पारड्यांत समान फेरफार केला तर काटा ढळत नाही. x म्हणजे बंद पिशवी. पिशवीजवळचं एकेक वजन दूर करायचं, दुसरीकडचंही तेवढंच काढायचं. शेवटी पारड्यात पिशवी एकटी उरली की x मोकळा. किती सुंदर! हे पुस्तक लिहिणाऱ्यांना कसं सुचलं नाही?

(पुस्तकात पान ४१ वर तराजूचं चित्र आहे. पण पारडी फार लहान काढलीत.)

दादूशेटच्या दुकानातला जुना तराजू मागून आणला. तांदळाची पिशवी आणि दोन वजनं एका बाजूला, पाच वजनं दुसऱ्या बाजूला. काटा सरळ. दोन्हीकडची दोन दोन वजनं काढली. काटा सरळ. म्हणजे x बरोबर तीन! माझ्या अंगावर काटा आला.

विमला म्हणाली, असं सरळ तोलून दिलं तर दादूशेटकडे दुसऱ्यांदा कोण जाईल ताई? आणि तिने चिमूटभर तांदूळ पिशवीत वरून टाकले. पारडं झुकलं तेव्हा तिचं समाधान झालं. वहीत लिहिलं, x = ३ आणि वर थोडं.

गणितात झुकतं माप नसतं, हे समजावण्यात तास गेला. शेवटी मान्य केलं. पण म्हणाली, मग गणितवाल्यांची दुकानं चालत नसतील.

१४ जुलै, मंगळवार.

भयंकर शोध. तराजूच्या डाव्या पारड्याखाली चिंधीत बांधलेला दगड!

म्हणजे दादूशेट इतकी वर्षं वाडीला फसवतोय. आणि अशा भ्रष्ट तराजूवर मी सत्य शिकवत होते! मी तो दगड सोडला आणि विहिरीत फेकला. विमला नको नको म्हणत होती. मोह कसा असतो पाहा.

आता तराजू शुद्ध. उद्या २x = ६.

१५ जुलै, बुधवार.

एक पिशवी बरोबर तीन वजनं, अशी भरून घेतली. तशीच दुसरी भरली. दोन पिशव्या एकत्र ठेवल्या, समोर सहा वजनं. पिशव्यांचं पारडं खाली. पुन्हा केलं. खाली. मग x = ३ म्हणजेच ३ = x हे दाखवायला एक पिशवी उजवीकडे, तीन वजनं डावीकडे अशी अदलाबदल केली. एकाच पिशवीचं पारडं धाडकन खाली!

दोन तास विचार केला. कारण सापडलं. हवा दमट आहे. तांदूळ ओल धरतात. बीजगणित ही कोरड्या प्रदेशात जन्मलेली विद्या असणार.

विमला पारड्याखाली बघत बसली होती. लक्ष नाही.

१९ जुलै, रविवार.

दादूशेट तराजू न्यायला आला आणि ओरडला. माझा पासंग कुठाय? मी त्याला सुनावलं, की लबाडीचा दगड मी पाण्यात टाकला. त्यावर तो डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. म्हणे, बायो, डावं पारडं मागे तुटलं, नवीन बसवलं ते वजनाला हलकं. तो दगड होता म्हणून तराजू खरा होता! आता मी वाडीला तोलून काय देऊ, तुझी डिग्री?

चारचौघांत हे बोलला.

मी उत्तर तयार करत होते तेवढ्यात आई चुलीपुढून उठून आली. दोन्ही पारडी रिकामी करून तराजू अडकवला. चिंधीत एकेक चिंचोका टाकत गेली आणि डाव्या पारड्याखाली धरून बघत गेली. अकराव्या चिंचोक्याला काटा सरळ. गाठ मारली. म्हणाली, किती कमी पडतंय ते तराजूच सांगतो, त्याला बोलू द्यायला पाहिजे. दादूशेट खूश होऊन गेला. जाताना आईला म्हणाला, सोनूवयनी, तुम्ही कितवी शिकलात?

आई शाळेत गेलेली नाही. हे मी त्याला सांगणार होते, पण विषय बदलला.

विमलाने हे सगळं वहीत उतरवलं, x = ११ चिंचोके. अभ्यास सोडून भलतंच लिहीत बसते. रागवावं लागलं.

(तराजूची मेथड तूर्त स्थगित. तत्त्व बरोबर होतं.)

२ ऑगस्ट, रविवार.

टाइमटेबल केलं. तीन रंगांत. विमलाचं एक, माझं एक, पावसाचं एक. भिंतीला लावलं. छान दिसतंय. दोन दिवस यातच गेले, त्यामुळे शिकवणं झालं नाही. पण पाया मजबूत झाला.

बाबांचं कार्ड आलं. बँकांच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणतात. त्यात गणित असतं. त्यांना कळवलं, की सध्या मी दुसऱ्यांना गणित शिकवण्यात बुडाले आहे.

१६ ऑगस्ट, रविवार.

कंसाची समीकरणं सुरू.

३(x + ४) − ५ = २२.

इथे माझी मूळ दृष्टी कामाला आली. x कुठे आहे? आत. मग त्याला सोडवायला कुठे जायचं? आत! त्याच्या उशाशी बसलेला ४ आधी काढायचा. दोन्हीकडून ४ गेले. ३x − ५ = १८. मग ३x = २३. x = सात पूर्णांक दोन तृतीयांश.

पुस्तकाच्या मागे उत्तर ५ आहे. छपाईची चूक. लाखो मुलं हे पुस्तक वाचतात! विमला म्हणाली, सगळ्याच उत्तरांत चूक असेल का ताई? पुढची चार केली. हो, सगळ्यांत आहे.

बोर्डाला रजिस्टर पत्र पाठवलं. तीन पानी. शेवटी लिहिलं, आपली नम्र, कु. दमयंती, बी.ए.

२६ ऑगस्ट, बुधवार.

उद्या गणपती. क्लासला दहा दिवस सुट्टी. मी मनातल्या मनात शिकवत राहणार.

विमला तरीही आली. म्हणे, मावशीला नारळ सोलायला मदत करते. मी ओटीवर मखराला कागद चिकटवत होते, आतलं सगळं ऐकू येत होतं.

विमला आईला ते कंसाचं गणित सांगत होती. आईला! आई म्हणाली, मला काय कळतंय गो त्यातलं. पण त्या तुझ्या x ला केलं काय काय, ते सांग. विमला म्हणाली, आधी चार मिळवले, मग तिप्पट केली, मग पाच काढले. तर आई म्हणते, मग आली तशी उलट्या पावलांनी परत जा. शेवटी घातलं ते आधी काढ. नारळाला आधी सोडण, मग करवंटी, मग खोबरं. तू सोडण ठेवून थेट खोबऱ्याला हात घालशील तर नखं मोडतील.

मग विमला पुटपुटत होती. पाच काढलेले परत घाल, सत्तावीस. तिप्पट होती, तीन वाटे कर, नऊ. चार वरचे काढ. पाच.

आई म्हणाली, आता नारळ परत बंद करून बघ. विमला म्हणाली, पाच नि चार नऊ, तीन नव्वे सत्तावीस, पाच गेले बावीस. हे बघ मावशी, शेंडीपर्यंत आलं.

पुस्तकातली छपाईची चूक आणि यांचं उत्तर एकच आलं. योगायोग.

उलटी पावलं हडळीची असतात, हे मी ओटीवरून सांगितलं. दोघी हसल्या. कारण कळलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार.

विमला आता क्लासच्या तासभर आधी येते आणि स्वयंपाकघरात बसते. माझ्या शिकवण्याचा धाक वाटत असावा. थोडं धैर्य गोळा करून बाहेर येते.

काळजीची गोष्ट म्हणजे वहीत प्रत्येक गणिताशेजारी छोटा नारळ काढते. एकूण चौऱ्याऐंशी नारळ मोजले. मी नारळांवर बंदी घातली. मान डोलावली. पुढच्या पानावर फणस होते.

२० सप्टेंबर, रविवार.

केळशीची माणसं मुलगी बघून गेली. मुलगा एक शब्द बोलला नाही, पोहे दोनदा घेतले. पसंती कळवली. त्यांना लगेच उत्तर हवंय. महिपतकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी स्त्री-शिक्षणावर पाऊण तास बोलले. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी घोरल्यासारखा आवाज आला, पण तो दीर्घ श्वास असावा.

उठताना म्हणाले, बाय, भाषण ऱ्हावदे. ती पास होईल का तेवढं सांग. तू सांगशील त्यावर मी थांबतो. घरात आमच्या कोणाला त्यातलं कळत नाय.

विमला दाराआड उभी होती. माझ्याकडे बघत होती. तशी ती कधी बघत नाही.

मी म्हटलं, शंभर टक्के.

६ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सहा.

आज बीजगणिताचा पेपर, रत्नागिरीला. मी सोबत जाणार. पाचला उठले! (आईने उठवलं.) हातखंब्याला एसटी पकडायची.

त्याच दिवशी. संध्याकाळी सात.

एसटीत तिला शेवटचा मंत्र दिला, आतून सुरू कर. ती हो म्हणाली. हातात काहीतरी घट्ट धरलं होतं. चिंचोका.

पेपर सुटल्यावर बाहेर आली, म्हणाली, बरा गेला. मी प्रश्नपत्रिका घेऊन तिथेच कंपाउंडच्या गडग्यावर बसून तपासायला लागले. २(x − ३) + ७ = १५. तिचं उत्तर ७. माझं साडेपाच. पुढचं तिचं ४, माझं सव्वानऊ. सहापैकी एकही जुळेना.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिला म्हटलं, मार्चमध्ये पुन्हा बसता येतं. ती म्हणाली, मार्चपर्यंत मी केळशीला असेन ताई.

मग हातखंब्यापर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकी तिच्या बाजूला होती.

एवढं शिकवूनही तिने आतून सुरू केलं नाही. माझ्याकडून काही कमी पडलं नाही, हे नमूद करते. जेवले नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार.

सत्य कटू असलं तरी सांगणं हे सुशिक्षिताचं कर्तव्य. सकाळीच महिपतकाकांकडे गेले आणि सांगितलं, की उत्तरं तपासली, विमला नापास होणार. आशेवर ठेवणं बरं नव्हे.

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, बरं झालं लवकर सांगितलंस. केळशीला निरोप धाडतो. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडू.

मन हलकं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही.

आईला सांगितलं. तिने हातातली विळी आडवी ठेवली आणि पदर खोचून तशीच महिपतकाकांकडे गेली. तिथलं बोलणं इथपर्यंत आलं. ती म्हणत होती, भावोजी, पेपर तपासायला बोर्डाने माणसं ठेवलीत, आमची दमू नाय ठेवलेली. रिझल्ट लागेपर्यंत सुपारी फोडलीत तर मी पहिली येऊन ती गिळीन.

शेवटी साखरपुडा सहा डिसेंबरवर गेला. रिझल्ट त्याआधी लागला तर लागला.

आईला सत्याची कदर नाही. माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मीही बोलले नाही, पण तिच्या ते लक्षात आलं नसावं.

३ नोव्हेंबर, मंगळवार.

केळशीवाल्यांनी साडीचा रंग विचारलाय.

विमला आली होती. आईबरोबर पोहे निवडत बसली. मी म्हटलं, क्लास घेऊ का? ती म्हणाली, कशाला आता? रागाने नाही, नुसतंच. मी आत जाऊन टाइमटेबल भिंतीवरून काढलं. मागे भिंत कोरडी राहिलीय, चौकोनी.

१ डिसेंबर, मंगळवार. दुपारी एक.

दोन गोष्टी घडल्या. क्रमाने लिहिते.

पहिली. बोर्डाचं उत्तर आलं. पोस्टकार्ड. पुस्तकातील उदाहरणाचे उत्तर ५ हेच बरोबर आहे, शंका असल्यास जवळच्या माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकांस भेटावे. पोस्टमन भागोजीने मोठ्याने वाचत वाचतच आणलं. कार्ड पाठवायला नको होतं, पाकिटात पाठवायचं. सरकारी कामात संवेदनशीलता नाही.

दुसरी. रिझल्ट. विमला पास. बीजगणितात पंचाहत्तरपैकी अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न.

मी तीनदा वाचलं. महिपतकाकांनी दोनदा मला वाचायला लावलं आणि एकदा दादूशेटला.

संध्याकाळ.

विमला आली. हातात सोललेला नारळ आणि पेढे. मी पुढे झाले, आशीर्वादाला हातही उचलला होता. ती बाजूने निघून स्वयंपाकघरात गेली. आईच्या पाया पडली. आई म्हणत होती, अगो ऊठ, मी काय केलं, मी नारळ सोलले. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. चुलीचा धूर असेल, मला पण लागला.

मग विमला बाहेर आली. मला पेढा दिला. पायाही पडली. म्हणाली, ताई, तुम्ही नारळावर बंदी घातली होती तरी मी काढले पेपरात. कच्च्या कामाच्या पानावर, अगदी बारीक. मी म्हटलं, यावेळी माफ.

महिपतकाकांनी केळशीला निरोप धाडला, पोरगी नर्स होणार, आता आमचा नाद सोडा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, दमू, तुझा अंदाज चुकला म्हणून पेढा गोड लागतोय. यात कौतुक किती आणि काय किती, ते ठरवता आलं नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार.

बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म परस्पर भरूनच पाठवला. मार्चमध्ये परीक्षा. सही फक्त माझी राहिलीय.

विमला जानेवारीत जाईल. तोपर्यंत रोज सकाळी तासभर येते म्हणाली. मला कंसाची समीकरणं शिकवायला. मी हो म्हटलं. नर्सला लोकांना समजावून सांगावं लागतं, तिला तेवढीच प्रॅक्टिस. आई म्हणाली, येताना वही आण, दमूकडे नसेल.

आहे. जानेवारी ते जून कोरीच आहेत.

५ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

विमला यायच्या आधी एकटीने एक करून बघितलं. १ जानेवारीच्या पानावर, पिंपाच्या वर.

३(x + ४) − ५ = २२. पाच परत घातले, सत्तावीस. तीन वाटे, नऊ. चार काढले.

पाच.

बंद करून बघितलं. बावीस. शेंडीपर्यंत आलं.

आईला सांगितलं नाही. ती दारातच उभी होती, कोयता घेऊन. म्हणाली, सोड ते आता, नारळ सोलायचेत.